खानावळवालीचा हात

आईशी मी आयुष्यात एकच मोठं खोटं बोललो. होळीच्या आधीची सकाळ होती. ती चुलीपुढं बसली होती आणि मी तिच्याकडं न बघता, बुटाची लेस बांधत म्हणालो, "आई, उद्यापासून डबा नको धाडू. मी खानावळ लावलीय."

मी तेव्हा औरंगाबादला आयटीआयत फिटरचा कोर्स करत होतो. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. गाव आमचं देवगाव रंगारी. गावातून शहरात शिकायला आलेल्या पोरांचा डबा तेव्हा एसटीनं यायचा. सकाळच्या पहिल्या गाडीला आई डबा नेऊन द्यायची, कंडक्टर तो आपल्या सीटखाली ठेवायचा, आणि गाडी बसस्थानकात लागली की आम्ही आठ-दहा पोरं दारापाशी हात वर करून उभी. कुणाच्या डब्याला लाल दोरा, कुणाच्या डब्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव. माझ्या डब्याचं झाकण वडिलांनी सायकलच्या स्पोकची तार वाकवून घट्ट केलेलं होतं. त्यांचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सात-आठ महिने तो डबा मी खाल्ला आणि तो येतो कसा, याचा एकदाही विचार केला नाही.

त्या साली पाऊस नावापुरता झाला होता. दोन दिवसांच्या सुट्टीला घरी गेलो तेव्हा डबा कसा तयार होतो ते पहिल्यांदा नीट पाहिलं. आई अंधारातच हापशाच्या रांगेत जाऊन बसायची. उजाडायच्या सुमारास दोन हंडे पाणी मिळायचं, तेही गढूळ. त्या पाण्यातून पहिलं काम माझ्या डब्याचं. भाकरी, कालवण, फोडणी. आदल्या दिवशीचा रिकामा डबा ती राखेनं घासायची आणि धुवायच्या ऐवजी फडक्यानं पुसून घ्यायची. मग ती आणि वडील रात्रीची शिळी भाकरी चटणीशी खायची, कारण पुन्हा स्वैपाक म्हणजे पुन्हा पाणी. वडील दुकान उघडण्याआधी सायकलला दोन कॅन बांधून लांबच्या एका विहिरीवर जायचे.

माझी भाकरी दोन हंड्यांतलं पाणी पीत होती. ते पाहून मी बोललो.

आईचा हात थांबला. "खानावळ? पैसं?"

"आयटीआयच्या पोरांना सवलत हाय."

"कोन चालवतं?"

"एक बाई हाय."

"पोट भरंल का तिथं?"

"लई चांगलं देती."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "बरं. चटणी तरी धाडत जाईन सोमवारच्या सोमवारी. खानावळीच्या जेवनाला चव नसती."

सवलत नव्हती. खानावळ नव्हती. बाई तर नव्हतीच. खरीखुरी खानावळ मला परवडणारी नव्हती.

उस्मानपुऱ्यात माझी एक खोली होती. तिथं माझ्याबरोबर सोयगावचा एक पोरगा राहायचा, माझ्याच वर्गातला. अंगानं दांडगा आणि भुकेला कच्चा. त्याचाही डबा बंद झाला होता. सोयगाव लांब, आणि घरचे सगळे मजुरीला बाहेर पडलेले. पण त्याच्या घरून ज्वारीचं एक पोतं आलं होतं आणि खोलीत आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेला रॉकेलचा स्टोव्ह होता. पहिले चार दिवस आम्ही चहा-पाव आणि केळी खाल्ली. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "हे बग, मला भूक लागली की वर्गात ड्रॉइंग दिसत नाय, भाकरी दिसती. तू काय तरी कर."

"मीच का?"

"खानावळ तू लावली."

आमची घरमालकीण एक म्हातारी खाला होती. एकटीच राहायची, दिवसभर अंगणात बाजेवर बसून सुपारी कातरायची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. ते ती एका मोठ्या पिंपात भरून ठेवायची आणि आम्हाला रोज दोन बादल्या मोजून द्यायची. त्या पिंपावर झाकण म्हणून एक जुना तवा पालथा घातलेला होता. बिडाचा, जाड, बोटभर उंच काठाचा, गंजून लाल झालेला. मी तो मागितला.

"हौ, लेको जा," खाला म्हणाली. "पर मेरे पिंप पे ढक्कन क्या रखूं? तेरा सर?"

मी आयटीआयत टाकाऊ पत्र्याचा तुकडा सरांकडून मागून घेतला. त्याचं गोल झाकण कापलं, कडा दुमडली, वर कडी रिव्हेट केली. माझ्या हातचा पहिला उपयोगी जॉब म्हणजे खालाच्या पिंपाचं झाकण. तिनं ते उघडझाप करून पाहिलं आणि तवा माझ्या हवाली केला. उरलेल्या पत्र्यातून मी तव्यासाठीही एक झाकण काढलं. मग दोन दिवस पॉलिश पेपरनं गंज उतरवला, काठावरचा एक उंचवटा कानशीनं सपाट केला. मला वाटलं, झालं. खालानं तव्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"भूका है ये. लोहे कू पहले तेल पिलाना पड़ता. नै तो चिपकता."

तिनं अर्धा कांदा तेलात बुडवून तापल्या तव्यावर चार वेळा फिरवायला लावला. धूर अंगणभर झाला. तवा हळूहळू काळा, मग चकचकीत काळा होत गेला. सोयगावचा म्हणाला, "हे समदं ठीक हाय, पण खायला काय हाय?"

पहिल्या दिवशी झुणका केला. झुणका म्हणजे काय, पाणी आणि बेसन, असा माझा समज. पाणी उकळलं, त्यात पीठ ओतलं, आणि बघता बघता त्याचे लिंबाएवढे गोळे झाले, बाहेरून शिजलेले आणि आत कोरडं पीठ. खालचा थर करपला. पकडायला सांडशी नव्हती म्हणून मी पक्कड लावून तवा खाली उतरवला. सोयगावच्यानं एक गोळा फोडला, आत बघितलं आणि म्हणाला, "बांधकामावर दिऊन ये. तिथं सिमेंट कमी पडतंय म्हनं."

तरीही त्यानं तो खाल्ला. मीही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी सायकलवर बसस्थानकात गेलो. आमच्या गाडीचा कंडक्टर पन्नाशीचा, जाडजूड, आवाजानं अख्खी गाडी हलवणारा माणूस. त्यानं चटणीची पुडी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "आई इचारत व्हती तुझी, खानावळीत काय काय देत्यात?"

दाताखाली अजून कालचं कोरडं पीठ होतं. तोंडातून निघून गेलं, "झुणका देतात, काका. पण त्या बाईच्या झुणक्याचे गोळे होतात."

"सांगतो," कंडक्टर म्हणाला आणि घंटीची दोरी ओढली.

पुढच्या सोमवारी पुडीबरोबर निरोप आला. कंडक्टर गाडीच्या पायरीवर उभा राहून, एक बोट वर करून, पाठ केल्यासारखा म्हणाला, "तुझ्या आईनं सांगितलंय, त्या बाईला म्हनावं, पान्यात पीठ टाकू नको. कांदा लई घे. तेलात लाल होऊ दे. मूठभर पान्याचा शिपका मार, अन् वरून पीठ भुरभुर सोड. दुसऱ्या हातानं उलथनं चालू ठेव. मग झाकन ठेव अन् गप बस. सारखं उघडू नको. काय? ऱ्हातं का ध्यानात?"

"राहतं, काका."

"त्या बाईला सांग नीट."

मी सायकलवरून ते वाक्य घोकत खोलीवर आलो. कांदा लई. शिपका. भुरभुर. झाकण. त्या संध्याकाळी कांदा स्वस्त होता म्हणून शहागंजच्या बाजारातून चांगला दोन किलो आणला होता. आईनं सांगितलं तसं केलं. झाकण ठेवून गप बसलो. गप बसणं हेच सगळ्यात अवघड होतं. सोयगावचा दोनदा झाकणाला हात लावायला आला, दोनदा मी त्याच्या हातावर उलथनं मारलं. झाकण काढलं तेव्हा झुणका मोकळा, पिवळाजर्द, आणि तळाला पातळ खरपूस पापुद्रा. आम्ही दोघं तव्याच्या दोन बाजूंना बसून तव्यातच जेवलो. जेवून झाल्यावर तवा फडक्यानं पुसला. पाणी लागलं मूठभर.

तिथून माझी शाळा सुरू झाली. मला जे जमायचं नाही ते मी त्या न-असलेल्या बाईच्या माथी मारायचो. कंडक्टर ते देवगावला पोचवायचा. आई गाडीपाशी उभी राहून उपाय सांगायची, आणि पुढच्या सोमवारी तो माझ्यापर्यंत यायचा. "त्या बाईचा डाळकांदा शिजत नाही." उत्तर आलं, डाळ सकाळीच भिजत घालायला सांग, अन् मीठ शेवटाला. "त्या बाईच्या फोडणीचा ठसका लागतो." उत्तर आलं, तिखट टाकायच्या आधी कांदा टाकावा, तेल जळू देऊ नये, लेकराबाळांचं घर असंल तिचं.

हळूहळू आईचा जीव त्या बाईत गुंतायला लागला. एका सोमवारी कंडक्टर म्हणाला, "तुझी आई म्हनली, नवी दिसती बिचारी. सासू-बिसू नाय का तिला शिकवायला?"

"माहीत नाही, काका."

"नवरा हाय का?"

"नसावा."

पुढच्या सोमवारी चटणीबरोबर आणखी एक पुडी आली. येसर. भाजलेल्या डाळी-धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ, चिमूटभर टाकलं तरी कालवणाला अंग येतं. "ही तुझ्यासाठी नाय," कंडक्टरनं बजावलं. "त्या बाईला दे म्हनली."

पुडी मी दोन दिवस फळीवर तशीच ठेवली. मग येसर मी वापरली.

अडलं ते धपाट्यापाशी. भाकरी थापायला मला येत नव्हती आणि शिकायला पीठ वाया घालवणं जिवावर यायचं. धपाटं त्यातल्या त्यात सोपं, असं वाटलं होतं. ज्वारीचं पीठ, कांदा, तिखट, तीळ, मळा आणि थापा. मळलं, थापलं, तव्यावर टाकताना चार तुकडे. दुसरं, तीन तुकडे. तिसरं अखंड पडलं पण मधे कच्चं आणि कडेला कोळसा. मी फिटर होतो. मला वाटायचं, कुठलीही गोष्ट मापात आणली की जमते. जाडी सगळीकडं सारखी असावी म्हणून मी पट्टी लावून पाहिली. खाला बाजेवरून ते बघत होती. म्हणाली, "रोटी है रे, लोहा नै है."

सोमवारी निरोप पाठवला, "त्या बाईच्या धपाट्याच्या कडा फाटतात." उत्तर लांबलचक आलं. कंडक्टरनं ते हाताच्या तळव्यावर तिकिटाच्या पेन्सिलीनं लिहून आणलं होतं. जवारीत दोन मुठी गव्हाचं अन् मूठभर हरबऱ्याचं पीठ घालावं. डाळ भिजवल्यालं पानी फेकू नये, तेच कोमट करून त्यात मळावं, म्हंजी पानीबी वाचतं अन् पिठालाबी चिकटपना येतो. पीठ ओलं करू नये, बोटं ओली करावीत. मधी भोक पाडावं, त्यात तेल सोडावं. आच बारीक.

आई धपाटी ओल्या फडक्यावर थापायची. आमच्याकडं फडकी होती ती सगळी तवा पुसून काळी झालेली. मी दुधाची रिकामी पिशवी कापून पसरली, तेलाचा हात फिरवला आणि तिच्यावर थापलं. मग पिशवीसकट उचलून तव्यावर पालथं घातलं आणि पिशवी अलगद सोलून काढली. धपाटं अख्खं तव्यावर बसलं. मधल्या भोकात तेल सोडलं, झाकण ठेवलं, स्टोव्हची आच कमी केली. झाकणाखालून आधी कांद्याचा वास आला, मग तिळाचा, मग भाजल्या ज्वारीचा. झाकणाला जमलेली वाफ परत त्याच्यावरच ठिबकत होती. वेगळं पाणी लागतच नव्हतं.

उलथनं खाली सरकवलं. ते कुठंही अडलं नाही. धपाटं तव्यावर गोल फिरलं. उलटलं तर खालची बाजू तांबूस, काळ्या ठिपक्यांची, कडेपर्यंत शाबूत. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, पण खाला बाजेवरून उठून दारात आली. सोयगावच्यानं पहिलं धपाटं चटणी लावून खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं तो नुसतं हातात धरून बसला आणि म्हणाला, "आता डबा आला तरी मी परत धाडीन."

खालानं एक धपाटं पदराखाली झाकून नेलं. दुसऱ्या दिवशी दोनाच्या ऐवजी तीन बादल्या दिल्या.

कंडक्टरला कळलं ते असं. एका सोमवारी सकाळी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती, बसस्थानकात जाता आलं नाही. गाडी त्या दिवशी दुरुस्तीला डेपोत गेली होती, म्हणून तो दुपारी पुडी घेऊन पत्ता शोधत थेट खोलीवर आला. दार उघडं होतं. मी गुडघ्यावर बसून दुधाच्या पिशवीवर धपाटं थापत होतो.

तो दारात उभा राहिला. माझ्याकडं बघितलं, तव्याकडं बघितलं, स्वतःच्या तळहाताकडं बघितलं.

"ही बाई व्हय?"

मी मान खाली घातली. सगळं सांगितलं. पाणी, रांग, राखेनं घासलेला डबा. तो उंबऱ्यावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. मी त्याला दोन धपाटी आणि डाळकांदा दिला. तो खात होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"मीठ कमी हाय," अखेरीस म्हणाला. मग तिसरं धपाटं मागून घेतलं.

"काका, आईला सांगू नका."

"हे बग. मी खोटं बोलत नाय. तीस वर्स हातात लोकांचे पैशे खेळले, एक तिकीट खोटं फाडलं नाय. तिनं इचारलं नाय तर सांगनार नाय. इचारलं तर सांगीन."

त्यानंतरचा प्रत्येक सोमवार मी धास्तीत काढला. पण आई नेमकं ते विचारत नव्हती. एकदा तो हसत हसत गाडीतून उतरला. "तुझ्यासंगं जेवलो, एवढं म्या तिला सांगितलं व्हतं. आज इचारलं तिनं. म्हनली, भाऊ, तुमी जेवलात म्हनं त्या खानावळीत. कसा हाय हात त्या बाईचा? म्या म्हनलं, हात चांगला हाय. खोटं बोललो का?"

"नाही, काका."

"मग झालं."

वैशाखातला सोमवार. ऊन सकाळीच चटका देत होतं. मी पुडीसाठी हात पुढं केला, तर पुडीऐवजी गाडीच्या दारातून आई उतरली. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. मागं कंडक्टर दोन्ही हात हलवून मला खुणावत होता, म्या काय सांगितलं नाय, काय सांगितलं नाय.

"चल," आई म्हणाली. "त्या बाईकडं घेऊन चल मला."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? दोन महिने झाले, माझ्या लेकराला खाऊ घालतीय. तोंड नको का बघाया तिचं?" तिनं गाठोडं दाबलं. "खण आनलाय. नारळ आनलाय."

मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालू लागलो. तिला कॅरिअरवर बस म्हटलं, तर म्हणाली लोक हसत्याल. वाटेत नव्या इमारतींची रांगच लागली होती. एका ठिकाणी ओल्या भिंतींवर माणूस पाइपनं पाणी मारत होता आणि ते ओघळून गटारीत चाललं होतं. आई उभी राहिली.

"एवढं पानी भिंतीला पाजत्यात?"

"त्याशिवाय भिंत पक्की होत नाही."

"व्हय का," ती म्हणाली, आणि पदर सावरून पुढं चालू लागली.

खोलीवर आल्यावर तिनं चपला काढल्या नाहीत. "हिकडं कशाला? आधी बाईकडं जाऊ."

"बस जरा. येईल ती."

खाला पाण्याचा तांब्या घेऊन आली. आईनं अर्धा तांब्या पिऊन उरलेला परत दिला. सोयगावचा मला डोळ्यांनी विचारत होता, आता काय? मी पुढं झालो. स्टोव्हला पंप मारला. तवा काढला. पीठ काढलं. डाळ सकाळीच भिजत घातलेली होती. तिचं पाणी वाटीत गाळून घेतलं आणि स्टोव्हवर कोमट करायला ठेवलं. आई बघत होती. मी दोन मुठी गव्हाचं, मूठभर हरभऱ्याचं पीठ ज्वारीत मिसळलं, तेव्हा ती पुढं सरकली.

"म्हंजी..." ती म्हणाली. "ती बाई?"

"मीच, आई."

"झुनक्याचे गोळे?"

"माझेच."

"कडा फाटत व्हत्या त्या?"

"माझ्याच."

"आन् मी सोमवारच्या सोमवारी त्या भावाला उन्हात उभं करून... येसर दिली... ती सासू नसल्याली..."

मला वाटलं आता रडते किंवा ओरडते. ती उठली, पदर खोचला. "सर तिकडं. मी करते."

"आई, तू बस."

"अरे पन..."

"आज तू बस."

ती भिंतीला टेकून बसली. तिला हातांचं काय करावं ते कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग पदराचं टोक धरलं, मग जवळ पडलेले कांदे उचलून त्यांची टरफलं काढायला लागली. मी ते तिच्या हातातून काढून घेतले. पिशवीवर थापलं, तव्यावर पालथं घातलं, सोललं. भोक, तेल, झाकण. "आच कमी कर," ती म्हणालीच. आच आधीच कमी होती.

पहिलं धपाटं मी तव्यावरून थेट तिच्या ताटात टाकलं, बाजूला डाळकांदा आणि तिनंच पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. तिनं ते उलटून खालची बाजू बघितली. कडेवरून बोट फिरवलं. तुकडा मोडला आणि तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर मारली.

आईला घासावर फुंकर मारताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या घरात तिच्या वाट्याला गरम घास कधी आलाच नव्हता.

तिनं खाल्लं. चावत राहिली. सोयगावचा, खाला आणि मी, तिघंही तिच्या जबड्याकडं बघत होतो.

"मीठ बराबर हाय," ती म्हणाली.

मग दुसरं मागितलं. दुसऱ्यानंतर तिसरं. चौथ्याला म्हणाली, "अर्धंच दे," आणि अख्खं खाल्लं. खाऊन झाल्यावर ताट बाजूला सारलं, गाठोडं सोडलं. "खानावळवालीसाठी आनलं व्हतं. तिलाच द्यायला पायजे." तिनं तो हिरवा खण माझ्या खांद्यावर टाकला, नारळ माझ्या हातात ठेवला, आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. खाला दारातून म्हणाली, "मुबारक हो बावर्चीन कू!" सोयगावचा तर लोळायचाच बाकी होता. मग आईनं खण माझ्या खांद्यावरून काढला. "तू काय करतो ह्याचं?" म्हणत खालाच्या हातात दिला. खालानं तो आढेवेढे न घेता घेतला.

दुपारच्या गाडीनं ती परत निघाली. निघताना तिनं माझ्याकडून दुधाच्या चार रिकाम्या पिशव्या मागून घेतल्या. फडकं भिजवायचं पाणी वाचतं, हे तिला पटलं होतं. वडिलांसाठी मी सहा धपाटी कापडात बांधून दिली. बसस्थानकात कंडक्टर तिकिटाचा खोका गळ्यात अडकवून उभा होता. आई त्याच्यासमोर थांबली. "भाऊ, तुमाला ठावं व्हतं."

"तुमी इचारलं नाय, वहिनी."

गाडीत चढल्यावर आई खिडकीपाशी बसून शेजारच्या बाईला ते कापडाचं बोचकं उघडून दाखवत होती. मला काचेतून ऐकू येत नव्हतं, पण तिच्या ओठांवर तेच तेच शब्द दिसत होते, पोरानं केलंय.

पुढच्या सोमवारी वडिलांचा निरोप आला. ते मोजकं बोलणारे. कंडक्टरनं जसाच्या तसा सांगितला, "कांदा बारीक चिर म्हनावं. आन् पुढच्या टायमाला सहानं भागत नाय." तेव्हापासून सोमवारी गाडी दोन्हीकडून भरून जायला लागली. गावाकडून चटणी यायची, शहरातून धपाटी जायची. त्यातली दोन वाटेत कमी व्हायची, ती कंडक्टरची. मी ती आधीच जास्तीची घालायचो.

त्या वर्षीचा पाऊसही वाकडाच गेला. पुढच्या उन्हाळ्यात गावचा हापसा पार कोरडा पडला. तोवर माझा कोर्स पुरा झाला होता आणि वाळूजला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून मला घेतलं होतं. सोयगावचा तिकडंच दुसऱ्या कारखान्यात लागून वाळूजला राहायला गेला. खोली मी ठेवली, आणि दोन महिन्यांसाठी आई-वडिलांना घेऊन आलो. वडिलांनी कोपऱ्यावर झाडाखाली पंक्चरची पेटी मांडली. स्टोव्ह आणि तवा कुणाचा यावर पहिल्याच दिवशी आईचं आणि माझं भांडण झालं. शेवटी ठरलं, सकाळ तिची, संध्याकाळ माझी.

मी पहिली पाळी करून घरी यायचो, हात धुवायचो आणि पीठ काढायचो. आई तोवर अंगणात खालाच्या बाजेवर पाय वर घेऊन बसलेली असायची. खाला दखनीत काहीतरी सांगायची, आई देवगावच्या मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. सुपारी कातरली जायची, गल्लीतल्या सुनांची झाडाझडती व्हायची, दोघींचं हसू आत खोलीपर्यंत यायचं. मी तव्यावर झाकण ठेवून गप बसलेलो असायचो.

मग बाहेरून, जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेल्या त्या बाईचा मोठ्यानं, हक्कानं आवाज यायचा, "काय रं, झालं का न्हाई? भूक लागलीय हितं आमाला!"